अलास्कातील मूलनिवासी बालकांचा दंतक्षय

अमेरिकेच्या अलास्का राज्यातील यूपिक व इतर मूलनिवासी जमातींच्या मुलांमध्ये लहान वयातच आढळणारा दातांच्या किडीचा विकार. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जंतू साखरेपासून अम्ल तयार करतात. या अम्लामुळे दंतवल्कातील खनिजे विरघळतात व पोकळी पडते. दुधाच्या दातांचे दंतवल्क पातळ असल्याने त्यांत कीड झपाट्याने पसरते.

मासे, सील व रानफळे हा येथील पारंपरिक आहार. विसाव्या शतकात दुकानी गोड पदार्थ आणि शीतपेये वाढली, तसा विकारही वाढला. २००८ मध्ये यूकॉन–कुस्कोक्विम प्रदेशातील खेड्यांत झालेल्या पाहणीत ४ ते ५ वर्षांच्या ८७ टक्के मुलांना दंतक्षय झाल्याचे आढळले. पाण्यात फ्लुओराइड न मिसळणाऱ्या गावांत किडलेल्या दातांचे प्रमाण अधिक होते.

बरीच खेडी रस्त्यांनी जोडलेली नसल्याने दंतवैद्य तेथे क्वचितच पोहोचतो. त्यामुळे अनेक बालकांचे उपचार भूल देऊन रुग्णालयात करावे लागतात. यावर उपाय म्हणून २००३ मध्ये स्थानिक तरुणांना न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात दोन वर्षांच्या दंतोपचार प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आले. दात भरणे, काढणे व प्रतिबंधक उपचार ही कामे ते गावातच करू लागले. अमेरिकन डेंटल असोसिएशनने या योजनेला न्यायालयात आव्हान दिले. मात्र २००७ मध्ये निकाल योजनेच्या बाजूने लागला. पुढे हे प्रशिक्षण अलास्कातच सुरू झाले.