तार गेली, परवाना राहिला : बिनतारी संपर्काच्या इतिहासाची एक ओळख

'बिनतारी' हा शब्द नकारातून घडला आहे. वस्तू काय आहे हे तो सांगत नाही, तिच्यात काय नाही एवढेच सांगतो. मराठी घरांत 'तार आली' म्हटले की काळजात धस्स होई. त्या तारेचीच सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण 'बिनतारी' हा शब्द मात्र तिची आठवण पोटात घेऊन उरला. तार वगळल्यावर नेमके उरले काय, हा भाषेच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर यंत्रांच्या इतिहासाइतकेच कायद्याच्या इतिहासात शोधावे लागते, असे आम्हांला वाटते. तार गेली तरी परवाना उरला होता. तो कसकसा सैल होत गेला, याची ही थोडक्यात कहाणी.

जगदीशचंद्र बसूंनी १८९५ मध्ये कलकत्त्यात मधल्या भिंतींना न जुमानणाऱ्या विद्युत्‌चुंबकीय लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडे संकेत पोहोचवला. महाराष्ट्रात या विद्येची दोन रूपे एकाच वर्षी, १९२७ मध्ये, अवतरली. पुण्याजवळ खडकी येथून संदेश पाठवणारे आणि दौंड येथे ते ग्रहण करणारे केंद्र इंग्लंडशी थेट जोडले गेले. त्याच वर्षी २३ जुलैला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. पहिल्या रूपात दोन ठरलेली टोके होती आणि ती साम्राज्याच्या कामाची होती. दुसऱ्यात एक वक्ता होता आणि असंख्य मूक श्रोते. ही कंपनी १९३० मध्ये बुडाली व प्रसारण सरकारच्या हाती गेले. १९३३ च्या बिनतारी कायद्याने तर बोलणेच नव्हे, ऐकण्याचे यंत्र विनापरवाना बाळगणेही गुन्हा ठरवले. पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढणारी पिढी आजही आपल्यात आहे.

आमचे तुळजापूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरचे सोलापूर ब्रिटिश मुंबई इलाख्यात. हैदराबादचे रेडिओ केंद्र निजाम सरकारने १९३५ मध्ये आपल्याकडे घेतले. म्हणजे जमिनीवर जशी दोन राज्ये होती, तशी आकाशातही दोन सरकारे होती. परंतु लहरीला नाका नसतो, जकात नसते. सत्तेला बिनतारीचे भय वाटते ते याचमुळे. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला. अवघ्या तीनेक महिन्यांत, १२ नोव्हेंबरला, पोलिसांनी तो पकडला आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या परवान्याची खरी किंमत या शिक्षेवरून कळते. पुढे १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय फौजा सोलापूरकडून संस्थानात शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग त्यांच्या ताब्यात आला, आणि १९५० मध्ये हैदराबाद व औरंगाबादची केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली. आकाशातली सरहद्द पुसली गेली. परवान्याची पद्धत तीच राहिली.

या पद्धतीचा एक अपवाद हौशी रेडिओचालकांचा. परीक्षा देऊन परवाना मिळवणारे हे लोक परस्परांशी बोलू शकत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त केली, तेव्हा अशा चालकांनी संपर्काच्या कामी मदत केली. जे एरवी छंद म्हणून दुर्लक्षित राहते, त्याचे सामाजिक मोल अशा वेळी ध्यानात येते.

खऱ्या अर्थाने 'जाळे' विणले जाण्यास निराळी कल्पना लागली. हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये नॉर्मन अब्राम्सन व सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरील संगणक रेडिओलहरींनी जोडले. त्यांचा नियम मोठा लोकशाहीवादी होता. कोणीही केव्हाही बोलावे. दोघांचे बोलणे आदळले, तर प्रत्येकाने मनास येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलावे. आधी परवानगी नाही, मध्ये नियंत्रक नाही. आजच्या वायफायमागे हीच वृत्ती सुधारून वापरलेली आहे. मोबाइलची युक्ती वेगळी. प्रदेशाचे लहान लहान 'सेल' पाडायचे, प्रत्येकाला मनोरा द्यायचा आणि तीच कंप्रता थोड्या अंतरावर पुन्हा वापरायची. थोडक्या लहरींत कोट्यवधी माणसे सामावतात ती यामुळे. भारतात पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले होते.

त्यानंतरची घटना कोणाच्या फारशी लक्षात नाही, पण आमच्या मते ती मोठी आहे. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील कमी शक्तीची साधने परवान्यातून मुक्त झाली. घरात वायफाय लावताना आज कोणी पोस्टात जात नाही, ते या निर्णयामुळे. वारणा खोऱ्यातील अनुभवही बोलका आहे. १९९८ मध्ये तेथे सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प उभा राहिला. दहा वर्षांच्या आत त्यातील काही गावांत ऊस उत्पादकांना हवी ती माहिती साध्या लघुसंदेशाने देण्याचा प्रयोग झाला. त्याचे नाव होते 'वारणा अनवायर्ड'. दोन नावांतच सारा प्रवास आला! साताऱ्यातील म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक केंद्र २००८ मध्ये सुरू झाले आणि तेथील बाया श्रोत्याच्या जागेवरून वक्त्याच्या जागी आल्या.

मात्र 'बिनतारी'चा नकार शब्दशः खरा मानू नये. हवेतून जातो तो बहुधा शेवटचा टप्पा. मनोऱ्यामागे जमिनीखालच्या काचतंतूंच्या केबली असतात, आणि मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या केबली समुद्राच्या तळातून येतात. ज्याच्या हाती ही तार, त्याच्या हाती बटण. जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी झालेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही सेवा स्थगित करण्याचा अधिकार शासनाकडेच आहे.

आपले विद्यार्थी 'बिनतारी' म्हणत नाहीत. ते 'रेंज आली', 'रेंज गेली' म्हणतात. पाऊस यावा, वीज जावी, तशी ही क्रियापदे कर्त्याला झाकून टाकतात. रेंज आपोआप येत नाही आणि दर वेळी आपोआप जातही नाही. वाक्यातला हा लपलेला कर्ता शोधणे हे व्याकरणाचे काम, आणि म्हणूनच ते आपलेही काम आहे.