कालव्यातली सहल आणि आपली गोदावरी

बिलोलीकडच्या शेतकऱ्याला कालवा म्हटला की पाण्याची पाळी आठवते, पाटकरी आठवतो. त्याच कालव्यात कुणी आठ दिवस होडी घेऊन नुसतं हिंडतं, हे त्याला खरं वाटणार नाही. इंग्लंडात मात्र ही सहल लोकांच्या मोठ्या आवडीची. होडी जेमतेम सात फूट रुंद, पण लांबच लांब. तीतच चूल, तीतच बिछाना. वेग माणसाच्या चालीचा. चढ आला की आपणच खाली उतरून दरवाजे लावायचे, आत पाणी भरू द्यायचं, म्हणजे होडी आपोआप वर येते. घाई असणाऱ्यानं तिकडे जाऊच नये!

हे कालवे सहलीसाठी खणलेले नव्हेत. १७६१ साली ब्रिजवॉटरचा कालवा सुरू झाला तो कोळसा मँचेस्टरला पोचवण्यासाठी. काठावरून घोडा दोर ओढी. पुढे आगगाडी आली आणि माल तिकडे गेला. १९४४ मध्ये रोल्ट नावाच्या गृहस्थांनी आपल्या होडीतल्या प्रवासावर पुस्तक लिहिलं, तेव्हा बुजत चाललेल्या कालव्यांकडे लोकांचं लक्ष वळलं.

असाच जलमार्ग आपल्या गोदावरीवरही व्हायचा होता. बिलोली तालुक्याच्या कडेनं वाहणारी मांजरा कंदकुर्तीला गोदावरीस मिळते. ते पाणी पुढे राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला जातं. तिथं आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधवला. त्याच्या कालव्यांतून भातालाही पाणी मिळे आणि होड्याही चालत. साहेबांचा बेत याहून मोठा. वर्धा, प्राणहिता, गोदावरी या वाटेनं हिंगणघाटचा कापूस थेट काकीनाडा बंदरात उतरवायचा! वाटेत खडकांचे तीन अडसर. दुम्मागुडेमला बंधाऱ्याचं आणि कालव्याचं काम निघालंही. पण नदीला बारमाही पुरेसं पाणी नाही. त्यात १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, कापूस मुंबईकडे वळला, आणि १८७१ मध्ये तो जलमार्ग सोडून देण्यात आला.

पाण्याची वाहतूक रेल्वेपेक्षा स्वस्त, हा कॉटनसाहेबांचा हिशेब मला अगदीच खोटा वाटत नाही. आपल्याकडे मात्र पाण्याचा वाद होडीपर्यंत जातच नाही. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. नदी भरून वाहते ती याच दिवसांत. आणि काठावरची माणसं ते पाणी खाली पोचमपाडकडे जाताना बघत उभी राहतात.