टिळकांचे पद आणि इंग्रजी वृंदगान

इंग्रजी कविता वृंदगानासाठी स्वरबद्ध करणे हा केवळ संगीतकाराच्या प्रतिभेचा प्रश्न नव्हे. तो प्रथम छंदाचा प्रश्न होय. महाराष्ट्राच्या वाङ्मयेतिहासातील एक उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या एका भक्तिपदास स्कॉटिश मिशनरी निकल मॅक्निकल यांनी इंग्रजी पद्यरूप दिले. १९२७ च्या सुधारित ‘चर्च हिम्नरी’ या स्तोत्रसंग्रहात ते समाविष्ट झाले. मॅक्निकल यांनी त्यासाठी आठ व सहा अक्षरांच्या एकाआड एक ओळींचा, इंग्रजी स्तोत्रांत चिररूढ असलेला ‘कॉमन मीटर’ योजिला. परिणामी नव्या स्वररचनेची गरजच उरली नाही. त्या मापाची कोणतीही जुनी चाल या पदास लावता येई.

याच्या उलट प्रयोग एकोणिसाव्या शतकात मराठीत झाला होता. मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रे भाषांतरून ती मूळच्याच चालींवर बसविली. इंग्रजी छंद आघातावर उभा असतो. मराठी वृत्त लघुगुरूंवर, तर ओवी-अभंग अक्षरसंख्या व यमक यांवर. उपर्युक्त मापात आघात सामान्यतः दुसऱ्या अक्षरावर पडतो. ‘प्रभू’ हा शब्द ओळीच्या आरंभी सहज बसतो. परंतु ‘देवा’ शब्दातील गुरू ‘दे’ आखडतो आणि भार ‘वा’वर जातो. एकटा गायक स्वर लांबवून हा दोष झाकू शकेल. चार स्वरपंक्तींच्या वृंदगानात मात्र सर्वांना प्रत्येक अक्षर एकाच क्षणी उच्चारावे लागते. त्यामुळे तो अधिकच उघडा पडतो.

टिळकांनी ओवी, अभंग व भजन यांचा आश्रय घेतला, त्यामागे स्वदेशाभिमान होताच. पण भाषेच्या प्रकृतीची जाणही होती. मॅक्निकल यांनी इंग्रजीपुरते तेच केले. दोघांनीही परका छंद आपल्या भाषेवर लादला नाही.

व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये कॅथलिक उपासनेत लोकभाषांना वाव दिल्यानंतर भाईंदर-उत्तनपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावरील गायकवृंदांपुढेही हाच प्रश्न आला. भाषांतरित पदाचे यश अर्थाच्या अचूकतेइतकेच त्यातील शब्द गाताना आपला स्वाभाविक उच्चार राखतात की नाही, यावरही अवलंबून असते. चालीची निवड त्यानंतरची होय.