दोन चुलींचा संसार

धर्मांतराचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा पुरुषाचीच कथा लिहिली जाते. त्याने कोणते ग्रंथ वाचले, कोणाशी वाद घातला, कोणत्या तारखेस दीक्षा घेतली, आणि त्यानंतर समाजाने त्याच्यावर कसा बहिष्कार घातला. इतके सांगून झाले की इतिहासकार लेखणी खाली ठेवतो. परंतु त्या गृहस्थाच्या घरी चूल असते, पाण्याचा हंडा असतो, पदराला धरून उभे असलेले मूल असते. त्या चुलीचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. मी पेशाने शाळामास्तर आणि छंदाने कादंबरीकार. मला मात्र तारखेपेक्षा चुलीचेच कुतूहल अधिक. म्हणून या दिवाळीत, घरोघरी चुली धडाडून पेटलेल्या असताना, एका जुन्या संसाराची हकीकत वाचकांपुढे मांडावी असे योजिले आहे. तो संसार म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा.

टिळकांचे नाव ठाऊक नाही असा मराठी शाळेत शिकलेला माणूस विरळा. 'केवढे हे क्रौर्य!' ही त्यांची कविता वर्गात शिकविताना मागच्या बाकावरची दांडगी पोरेही गप्प होतात, हा माझा अनुभव आहे. त्यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लक्ष्मीबाई १८६८ साली जन्मल्या. माहेर नाशिकजवळ गोदाकाठचे जलालपूर, आडनाव गोखले. १८८० साली लग्न झाले तेव्हा मुलगी अवघी अकरा-बारा वर्षांची. अक्षरओळख नाही. पतिराज कवी, पंडित, दिलदार, आणि त्याबरोबरच लहरी. आज येथे तर उद्या तेथे. नोकरी धरावी आणि सोडावी. घरी न सांगता निघून जावे. अशा माणसाशी संसार करणे म्हणजे वाऱ्याशी संसार करणे.

लक्ष्मीबाईंच्या माहेरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढचे नाट्य कळणार नाही. त्यांच्या वडिलांचे सोवळे अतिरेकी. सत्तावन्नच्या बंडानंतरच्या धरपकडीत त्यांचे सासरे फासावर गेले, आणि त्या धक्क्यानंतर गोखल्यांच्या मनाने जी शिवाशिवीची धास्ती घेतली ती जन्मभर सुटली नाही. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू घरात येण्याआधी धुतली पाहिजे, असा त्या घरचा शिरस्ता. सगळे घर त्या पाण्यात भिजून निघाले. त्या घरातली लेक ही.

टिळक राजनांदगावास निघाले असता आगगाडीत त्यांना एक गोरा पादरी भेटला. त्याने त्यांच्या हाती नवा करार दिला. पुढे वाचन झाले, शंका झाल्या, पत्रव्यवहार झाला. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी त्यांचे वय तेहेतीस, लक्ष्मीबाईंचे सव्वीस, आणि मुलगा दत्तू, म्हणजेच पुढचे देवदत्त टिळक, चार वर्षांच्या आतबाहेर. टिळक मुंबईहून अहमदनगरास गेले. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे धर्मशिक्षणाचे विद्यालय होते. त्याला 'सेमिनरी' म्हणत. १८७८ साली डॉक्टर रॉबर्ट ह्यूम यांनी ते काढले होते. हे ह्यूमसाहेब जन्माने मुंबईकर. पुढे छप्पनच्या दुष्काळातील कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्या विद्यालयात टिळक शिकवू लागले. त्यांची पाद्रीपदाची दीक्षा मात्र १९०४ सालची. म्हणजे आधी नऊ वर्षे ते केवळ मास्तर होते.

नगर हे गाव मिशनच्या दृष्टीने जुने. १८३१ पासून त्या मिशनचे ठाणे तेथे होते. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली तेथेच निघाले. मिस फरार यांची मुलींची शाळा तेथलीच; ती पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात स्त्रीशिक्षणाची ज्योत पेटली. आज त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. मी येथे त्या काळचेच नाव वापरतो. सेमिनरीत शिकायला येणारे विद्यार्थी पुष्कळसे नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतले, आणि त्यांतले बहुतेक महार-मांग समाजातले. ज्या घरी बाजारातून आणलेली वस्तूही धुवून घेत, त्या घरचा जावई आता या मुलांच्या पंक्तीला बसून जेवू लागला. आता जलालपुरात या वार्तेने काय झाले असेल, ते वाचकांनीच मनाशी ताडावे.

आणि लक्ष्मीबाई? त्या आमच्या जिल्ह्यात आल्या. बहिणीच्या आधाराने दत्तूला घेऊन त्या पंढरपुरात राहिल्या. सोलापूरकर म्हणून मला या योगायोगाचे फार वाटते. नवरा ख्रिस्ताच्या विद्यालयात आणि बायको विठोबाच्या दारी! नवरा जिवंत असून तो मेल्याप्रमाणे लोक सांत्वनाला येतात. कपाळी कुंकू आहे, पण ते कोणाच्या नावाचे असा प्रश्न लोकांच्या डोळ्यांत आहे. तेव्हा पंढरपूरला आगगाडीही नव्हती. ती आली १९०६ साली. नगरास जायचे तर आधी बैलगाडीने बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डूवाडी, गाठायचे, तेथून दौंड, दौंडास गाडी बदलून मनमाडच्या फाट्याने नगर. फार झाले तर दोन दिवसांची वाट. परंतु ती चालून जायला त्या बाईला कित्येक वर्षे लागली.

कायद्याने एक सोपी वाट ठेवली होती. १८६६ साली सरकारने असा कायदा केला होता की, नवऱ्याने किंवा बायकोने ख्रिस्ती धर्म घेतला आणि त्यामुळे दुसरा जोडीदार नांदायला तयार नसला, तर रीतसर मुदत देऊन ते लग्न मोडता यावे. टिळकांना ती वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, कविता पाठवीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाईंच्या आप्तांनाही नवऱ्याचे नाव कायमचे पुसून टाकणे सोपे होते. लक्ष्मीबाईंनी ते होऊ दिले नाही. नवऱ्याचा धर्म त्यांना पटला नव्हता. नवरा मात्र त्यांनी सोडला नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या निरक्षरप्राय बाईला जितके स्वच्छ दिसले तितके भोवतालच्या शास्त्र्यांना आणि कदाचित मिशनऱ्यांनाही दिसले नसेल.

अखेर त्या नगरास आल्या. मला या संपूर्ण हकीकतीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. त्या आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हेत. सोवळे-ओवळे जसेच्या तसे घेऊन आल्या. स्वतःचे पाणी, स्वतःचा स्वयंपाक, स्वतःची भांडी. संसार एक आणि चुली दोन. सकाळी इकडे सेमिनरीत प्रार्थना आणि शास्त्रपाठ, तिकडे लक्ष्मीबाईंचे सोवळ्यातले पाणी. नवरा विद्यार्थ्यांना शुभवर्तमान शिकवून घरी येई, तेव्हा त्याच्याच घरात त्याला एक मर्यादा असे. लहानगा दत्तू आईचा आणि बापाचाही. तो या दोहोंमधून ये-जा करणार. आपल्या घरांत सासू-सुनेच्या दोन चुली झाल्या तर गावभर होते. येथे तर दोन धर्म एका छपराखाली होते. आणि तरी तो संसार चालला.

तो का चालला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण टिळकांचे. हा माणूस इतर सर्व बाबतींत उतावळा. पैसा आला की वाटून मोकळा, राग आला की घर सोडून मोकळा. पण बायकोच्या श्रद्धेच्या बाबतीत त्याने घाई केली नाही. जो दिवसभर इतरांना धर्म शिकवितो, त्याने घरी येऊन धर्म न शिकविणे ही मोठी तपश्चर्या आहे. आम्हा मास्तरांना ती चांगलीच कळेल! वर्गातल्या पन्नास पोरांना आपण धीराने शिकवितो, पण घरच्या एका माणसाने चटकन ऐकावे अशी आपली इच्छा असते.

दुसरे कारण लक्ष्मीबाईंचे. त्या डोळे उघडे ठेवून राहिल्या. भोवतालची माणसे त्यांनी पाहिली. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला त्यांचे हात, त्यांची लेकरे, त्यांची दुःखे पाहिली. आणि एके दिवशी त्यांच्या मनाने आपल्याशीच हिशेब मांडला: जात देवाने केली असती तर त्याने माणसामाणसांत तशी खूण ठेवली नसती काय? बैल आणि घोडा ओळखायला कोणास विचारावे लागत नाही. त्या हिशेबात त्यांचे जन्माचे सोवळे गळून पडले. येथे नीट लक्ष द्यावे. त्यांची जात सुटली ती आधी. धर्म बदलला तो नंतर, १९०० साली. कोणा पंडिताने वादात हरवून त्यांची जात सोडविली नाही. ती चुलीपाशी बसून, स्वतःच्या बुद्धीने सुटली. वडिलांच्या घरी भिजलेले ते पाणी अशा रीतीने वाळले.

त्यानंतर घरातली एक चूल विझली, आणि उरलेल्या चुलीवर मात्र पातेले मोठे चढू लागले. छप्पनच्या दुष्काळाचे ते दिवस. पुढे या घरी परक्यांची मुले येत-जात राहिली, पाहुणे राहिले, कवी राहिले. बालकवी ठोंबरे या मुलखावेगळ्या कवीला याच घराने पोटच्या पोरासारखे वागविले. पैशाची तंगी कायमची. नवऱ्याच्या दानशूरपणाचा भार बायकोच्या डब्यांवर पडे, आणि त्या डब्यांचा हिशेब लक्ष्मीबाईंनी पुढे इतक्या हसत सांगितला आहे की वाचताना आपले डोळे भरून येतात ते हसण्याने की आणखी कशाने, ते समजत नाही.

आणि विठोबाचे काय झाले? तो मागे पंढरपुरात राहिला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. टिळक म्हणत की, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. ख्रिस्ती मंडळीत त्या काळी साहेबी चालीवरची गीते पुष्कळ होती. टिळकांनी तेथे अभंग आणला, भजन आणले, कीर्तन उभे केले. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक पदे आहेत. आमच्या सोलापुरातही ख्रिस्ती घरांतून ती म्हटली जातात. आषाढीला दिंड्यांचे टाळ ऐकलेल्या कानाला ती पदे परकी वाटत नाहीत. टिळकांच्या मिशनचेच डॉक्टर जस्टिन अॅबट यांनी पुढे महिपतीची संतचरित्रे इंग्रजीत नेली. पूल एकदा बांधला की त्यावरून माणसे दोन्हीकडून चालू लागतात!

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभारण्याचा विचार मांडला; ९ मे १९१९ रोजी ते मुंबईस वारले. मागे अपुरे राहिले 'ख्रिस्तायन', ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र. टिळकांच्या हातून सुरुवातीचेच काही अध्याय झाले होते. ते काम कोणी पुरे केले? ज्या बाईला लग्नाच्या वेळी अक्षर येत नव्हते, जिला जोडाक्षरे जन्मभर त्रास देत राहिली, त्या लक्ष्मीबाईंनी. अध्यायामागून अध्याय त्या लिहीत गेल्या. आणि शेवटचा हात देवदत्तांनी दिला. एकेकाळी दोन चुलींमधून ये-जा करणारा तोच हा दत्तू. तिघांच्या हातांचा एक ग्रंथ! त्याच लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने निघू लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. मराठीतल्या उत्तम पुस्तकांची यादी कोणीही, कोणत्याही मताचा माणूस करो, 'स्मृतिचित्रे' तीत असते.

मी वर्गात मुलांना सांगतो की मतांतर हे वादाने होते त्याहून सहवासाने अधिक होते. आणि सहवास हवा तर आधी एकमेकांना वेगळे राहू देण्याची तयारी हवी. टिळकांच्या घरी एक चूल झाली, ती दोन चुलींना काही काळ सुखाने जळू दिल्यामुळे. आजही आपल्या घरांत मुलगा एका विचाराचा निघतो, सून दुसऱ्या. कोणी देव मानतो, कोणी मानीत नाही. कोणी परजातीत लग्न करतो, आणि मग फराळाचे ताट त्या घरी जात नाही. इतक्या वर्षांत आगगाड्या वाढल्या, अंतरे घटली. पण शेजारच्या दारापर्यंतची वाट पुष्कळ ठिकाणी तितकीच लांब राहिली आहे. लक्ष्मीबाईंना ती चालायला वर्षे लागली खरी, पण त्या पोहोचल्या, आणि टिळकांनी तोवर दार लोटले नाही. मला त्या दोघांत थोर कोण हे ठरविता आलेले नाही. वाचकांनी, फराळ आटोपल्यावर, आपल्या घरी हा प्रश्न जरूर काढावा.