पापवाची उलटी पकड

1963 सालचा एक फोटो आहे. दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन शहर, वर भरून आलेलं आभाळ, पाऊस. एक भारतीय वंशाचा माणूस उघड्यावर उभा राहून ट्रॉफी घेतोय. ‘नाताळ ओपन’ ही गोल्फ स्पर्धा त्याने नुकतीच जिंकली आहे. (नाताळ म्हणजे इथे सण नव्हे, प्रांत. पण नाव सणावरूनच पडलेलं: वास्को द गामा 1497च्या नाताळात या किनाऱ्याजवळून गेला होता.) क्लबहाउस हाकेच्या अंतरावर आहे. तिथे छप्पर आहे, पण गोऱ्यांसाठी. विजेत्याला आत प्रवेश नाही.

या माणसाचं नाव सेवसंकर सेवगोलम. पहिलं नाव मोठ्याने म्हणून बघा, ‘शिवशंकर’ ऐकू येईल. सगळे त्याला पापवा म्हणत.

फोटो जगभर गाजला आणि पापवा ‘पावसात उभा केलेला माणूस’ म्हणून इतिहासात गेला. मला मात्र त्या फोटोच्या आधीचा पापवा जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण त्याला खेळायचं होतं, बाकी काही नाही.

1860पासून उसाच्या मळ्यांवर राबायला हजारो भारतीय करारावर नाताळात नेले गेले. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ झालं आणि माणसं ‘गिरमिटिया’ झाली. त्यांच्याच वंशजांनी डर्बनमधला भारतीय समाज वाढला. पापवा या समाजातल्या एका गरीब घरातला. शाळा जवळजवळ नाहीच. लिहिता-वाचता येत नव्हतं. पोरवयातच तो बीचवुड क्लबवर कॅडी झाला. म्हणजे गोऱ्या खेळाडूची जड बॅग खांद्यावर घेऊन मैलोनमैल चालायचं, हरवलेला चेंडू शोधायचा, आणि तो कसा मारतो ते बघत राहायचं.

बघून बघून पोरगा खेळायला शिकला. झाडाच्या फांदीची काठी हाच त्याचा पहिला क्लब. शिकवायला कुणी नाही, त्यामुळे चूक दाखवायलाही कुणी नाही. उजव्या हाताचा गोल्फर डावा हात वर आणि उजवा खाली धरतो, आपल्या क्रिकेटच्या बॅटसारखाच. पापवाचे हात नेमके उलटे: उजवा वर, डावा खाली. अशा पकडीने हातात बॅट घेऊन बघा. पहिल्याच चेंडूला मनगटं एकमेकांत अडकतील. कुठल्याही कोचने ही पकड पहिल्याच दिवशी मोडली असती. पापवाच्या चेंडूला मात्र त्याचा काही त्रास नव्हता, तो सरळ जायचा.

ग्रॅहम वुल्फ नावाच्या गोऱ्या उद्योजकाने हे हेरलं. ‘ऑइल ऑफ ओले’ हे क्रीम बनवणारा हाच तो वुल्फ. त्याने पापवाला कामावर ठेवलं आणि 1959मध्ये युरोपला नेलं. घरच्या मोठ्या स्पर्धांची दारं ज्याला बंद होती, त्याने त्याच वर्षी डच ओपन जिंकली. 1960मध्ये पुन्हा जिंकली आणि 1964मध्ये तिसऱ्यांदा.

1963ला डर्बनमध्ये खेळायची परवानगी मिळाली ती इतक्या कर्तबगारीनंतर. पण परवानगी हिरवळीपुरतीच होती. त्याच क्लबहाउसमध्ये चहाचा ट्रे घेऊन एखादा भारतीय नोकर खुशाल वावरू शकत होता. भारतीय विजेता नाही. वर्णभेदाचा कायदा असा चालायचा. तुम्ही आत येता का, हा प्रश्नच नव्हता. कोण म्हणून येता, एवढंच बघितलं जाई.

1965मध्ये पापवाने नाताळ ओपन पुन्हा जिंकली. यावेळी हरलेल्यांत गॅरी प्लेअर होता, दक्षिण आफ्रिकेचा लाडका आणि जगातल्या सर्वोत्तम गोल्फरांपैकी एक. एकदा घडलं तर नशीब म्हणता येतं. दोनदा, आणि तेही प्लेअरसमोर, म्हणजे सरकारसाठी अडचणच. पुढे त्याला गोऱ्यांच्या स्पर्धा बंद झाल्या. परदेशी जायची वाटही मिटली.

गोल्फर पन्नाशीतही खेळू शकतो. या खेळाचं तेच तर सुख. पापवाची उमेदीची वर्षं मात्र घरी बसून गेली. 1978मध्ये तो वारला. तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती.

क्रीडाजगताने दक्षिण आफ्रिकेवर टाकलेल्या बहिष्काराला त्या फोटोने बळ दिलं, असं सांगतात आणि ते खरंही आहे. पण त्याचा पापवाला काय उपयोग झाला? बहिष्काराने देश एकटा पडला. तो तर आधीपासूनच एकटा होता.

आज डर्बनमधल्या एका सार्वजनिक गोल्फ कोर्सला त्याचं नाव आहे. आणि टीव्हीवर कधी गोल्फ लागलं, तर चेंडू भोकात ढकलताना खेळाडूंचे हात नीट बघा. जॉर्डन स्पीथसारखे मोठमोठे खेळाडू त्या शेवटच्या हलक्या फटक्याला डावा हात खाली धरतात. पापवा मात्र सगळेच फटके तसे मारायचा.