दलदलीतलं गाव आणि मालकीचा कागद

स्मरणिका समितीने लेख मागितला आणि वर बजावलं, "सर, इतिहासाचं लिहा, पण जरा आपल्याशी लागू पडेल असं लिहा." शिवकाल किंवा पेशवाईवर लिहिणं मला सोपं होतं. पण सोसायटीच्या कन्व्हेयन्सचा कागद हाती आला, त्या दिवसापासून एक दूरचाच माणूस डोक्यात घोळतो आहे. त्याचं नाव प्रिबिना. युरोपातल्या स्लाव्ह लोकांचा, नवव्या शतकातला एक स्थानिक सरदार.

आजच्या स्लोव्हाकियात नित्रा नावाचं शहर आहे. प्रिबिना मूळचा तिथला. इ.स. ८३३ च्या सुमारास शेजारच्या मोराव्हियाच्या मोयमीरने त्याला तिथून हुसकावलं. मुलगा कोत्सेल आणि बरोबरची माणसं घेऊन तो निघाला. पूर्व फ्रँक राज्याच्या सरहद्दीवर रातबोद नावाचा अधिकारी होता, त्याने त्याला राजा लुडविगपुढे उभं केलं. राजाच्या हुकमाने प्रिबिनाने ख्रिस्ती धर्म घेतला. पण थोड्याच दिवसांत त्याचं रातबोदशी बिनसलं. मग आधी बल्गारांकडे, तिथून साव्हा नदीकाठच्या रातिमीरकडे, अशी वणवण झाली. ८३८ मध्ये रातिमीरवरच फ्रँकांची स्वारी आली, तेव्हा हा माणसांसह नदी ओलांडून पुन्हा निघाला. शेवटी सालाखो नावाच्या सरदाराने मध्ये पडून त्याचा रातबोदशी समेट घडवून आणला. भाड्याच्या घरांत अकरा-अकरा महिने काढलेल्यांना ही वणवण वेगळी समजावून सांगायला नको.

८४० च्या सुमारास राजाने त्याला जमीन दिली, ती आजच्या हंगेरीत, बालाटोन सरोवराजवळ. जंगल आणि नदीची दलदल. शिवाय जमीन मालकीची नव्हे. राजाची चाकरी करायची आणि त्याबदल्यात ती उपभोगायची. प्रिबिनाने तिथे कोट बांधला आणि ठिकठिकाणची माणसं बोलावून वसवली. जर्मन लोक त्या जागेला मोसाबुर्ग, म्हणजे दलदलीतला कोट, म्हणू लागले. (आपल्याला ताबा मिळाला त्या पहिल्या पावसाळ्यात गेटपाशी घोट्याएवढं पाणी असायचं. जुन्या सभासदांना आठवत असेल.)

८४७ साली रेगेन्सबुर्गला राजाने ती जमीन त्याच्या कायम मालकीची करून दिली. साक्षीदारांची नावं नोंदली गेली. साल्झबुर्गच्या चर्चची जमीन तेवढी वगळली. २४ जानेवारी ८५० रोजी कोटातल्या चर्चचा विधिपूर्वक शुभारंभ झाला. त्या दिवशी कोण कोण हजर होतं, त्या स्लाव्ह आणि जर्मन मंडळींची यादीसुद्धा आहे, अगदी आपल्या वार्षिक सभेच्या हजेरीपटासारखी. पुढे साल्झबुर्गहून गवंडी, चित्रकार, लोहार आणि सुतार आले आणि त्यांनी आणखी एक मोठं चर्च उभारलं.

८६१ च्या सुमारास मोराव्हियाच्या लोकांनी प्रिबिनाला ठार केलं. या जागेत त्याला जेमतेम २० वर्षं मिळाली. मागून कोत्सेल आला. ८६७ मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे बंधू त्याच्याकडे मुक्कामाला होते. स्लाव्ह भाषेसाठी सिरिलने नवी लिपी तयार केली होती. कोत्सेल स्वतः ती शिकला आणि सुमारे ५० विद्यार्थी त्याने त्यांच्या हाताखाली दिले. एका बेघर माणसाने दलदलीत वसवलेल्या गावात, पुढच्याच पिढीत, लोक आपल्या भाषेत लिहायला शिकू लागले.

आता मुद्द्याचं. प्रिबिनाने स्वतः लिहिलेला एकही शब्द उरलेला नाही. मग हे सगळं आपल्याला कळलं कसं? मुख्यतः एका हक्काच्या वादामुळे. हा मुलूख आपल्या अधिकारातला आहे हे दाखवण्यासाठी साल्झबुर्गच्या चर्चने ८७० च्या सुमारास लॅटिनमध्ये एक टिपण तयार केलं, त्यात प्रिबिनाची हकीकत आली. ती लिहिली चर्चच्या माणसांनी, त्यांच्या सोयीने. तारखा आणि साक्षीदार त्यात आहेत. त्या गवंड्या-सुतारांचं मात्र एकाचंही नाव नाही. त्या मोठ्या चर्चचा पाया झालावारच्या उत्खननात सापडला, रंगीत काचांचे तुकडे सापडले. पण ज्या हातांनी ते केलं, ते हात कुणाचे?

आपली पंचविशी झाली. कन्व्हेयन्सचा कागद कार्यालयाच्या कपाटात नीट आहे, त्याची काळजी नाही. पण पहिल्या तीन वर्षांची इतिवृत्तं दफ्तरात नाहीत. पहिल्या समितीतले चौघे आज आपल्यात नाहीत. टँकर येईपर्यंत रात्री जागणारा पहिला वॉचमन कुठल्या गावचा होता, हे मी परवा सहा जणांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही.

म्हणून एक विनंती. घरात जुने फोटो, पावत्या, सभेच्या सूचना असतील, तर कार्यालयात आणून द्या. काहीच नसेल, तर आठवतंय ते वहीच्या एका पानावर लिहून द्या. नावं मात्र नक्की घाला. नाहीतर उद्या आपली हकीकतही दुसऱ्या कुणाच्या वादाच्या फायलीतूनच वाचावी लागेल.