हलक्या तोफेचे जड गणित

युद्धेतिहास म्हटला की मराठी वाचकापुढे सेनापती येतात, मोहिमा येतात, नकाशावरचे बाण येतात. शस्त्रे मात्र तळटीपेत जातात, नाहीतर हौशी मंडळींच्या तक्त्यांत. तिथे त्यांची लांबी-रुंदी मिळते. ती तशी का होती, हे कोणी सांगत नाही. शस्त्रांच्या तांत्रिक इतिहासाचे काम नेमके तिथून सुरू होते. या अभ्यासात नव्याने येणाऱ्याला मी टायगर रणगाड्यापाशी नेणार नाही; त्याच्याभोवती गर्दी फार. त्यापेक्षा दुसऱ्या महायुद्धातली एक चिमुकली जर्मन तोफ पाहावी. ‘श्वेरे पान्त्सरब्युक्से ४१’ हे तिचे नाव. कागदोपत्री ती रणगाडाविरोधी बंदूक, पण तिला चाकांचा गाडा होता आणि तिघे-चौघे मिळून ती चालवत.

तिची एक आवृत्ती खास छत्रीधारी सैनिकांसाठी होती, आणि आपल्याला ती जास्त उपयोगाची. विमानातून उतरणाऱ्या सैन्याला किलोकिलोचा हिशेब द्यावा लागतो. जर्मन छत्रीच्या दोऱ्या सैनिकाच्या पाठीमागे एकाच ठिकाणी जोडलेल्या असत. तो पुढे झुकून लोंबकळत खाली येई, दिशा बदलणे त्याच्या हाती नसे आणि जमिनीला आधी हातगुडघे टेकत. अशा उडीत लांब शस्त्र जवळ बाळगणे अवघड. म्हणून बहुतेकांकडे पिस्तूल आणि हातबॉम्ब, आणि रायफली वेगळ्या पेट्यांतून. २० मे १९४१ रोजी क्रीट बेटावर उतरलेले कित्येक जण त्या पेट्यांपर्यंत पोचण्याआधीच मारले गेले. जिथे रायफलीची ही गत, तिथे शत्रूचा एखादा रणगाडा समोर आला तर करायचे काय?

तोफ हलकी करायची तर गोळा लहान करावा लागतो, आणि लहान गोळ्याने चिलखत फोडायचे तर त्याला भलताच वेग द्यावा लागतो. त्यासाठी निमुळत्या नळीची युक्ती होती. कार्ल पुफ याने विसाव्या शतकाच्या आरंभीच तिचे पेटंट घेतले होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हेर्मान गेर्लिख याने ती कामाला लावली. नळी मागे २८ मिलिमीटर रुंद, तोंडाशी २०. गोळ्याचा गाभा टंगस्टन कार्बाइडचा, आणि त्याभोवती मऊ धातूचे आवरण. आवरणाला पुढे-मागे दोन झालरी. पुढच्या झालरीला बारीक भोके ठेवलेली, कारण झालरी चेपताना मधली हवा बाहेर पडायला वाट हवी. दारूचा दाब सुरुवातीला गोळ्याच्या रुंद बुडावर बसतो. पुढे सरकत असताना झालरी दाबल्या जातात आणि बाहेर पडतो तेव्हा गोळ्याचा आडवा छेद निम्म्यावर आलेला असतो. वेग सेकंदाला सुमारे १,४०० मीटर, म्हणजे ध्वनीच्या चौपट! कारागिरी म्हणून मला हे अजूनही थक्क करते.

साध्या आवृत्तीचे वजन २२९ किलो. छत्रीधारींची तोफ पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर आणि छोट्या चाकांवर बसवून त्यातले सुमारे शंभर किलो कमी केले. किंमत मात्र चुकली नाही. नळी सुमारे ५०० गोळ्यांत झिजे. हलका गोळा हवेत लवकर मंदावे, त्यामुळे काही शे मीटरच्या पलीकडे फारसा भरवसा नसे.

पण तोफेला खरे खाल्ले ते टंगस्टनने. आपल्याकडे लेथवर काम करणारा माणूस ज्याला विडिया म्हणतो, तेच हे टंगस्टन कार्बाइड; क्रुप कंपनीने ते १९२० च्या दशकात त्याच नावाने बाजारात आणले. पोलाद कापायला त्याच्या तोडीचे दुसरे काही नव्हते. रणगाड्याचे इंजिन बनवणाऱ्या यंत्रांना ते हवे, आणि रणगाडा फोडणाऱ्या गोळ्यालाही. यंत्रावरची टिप झिजेपर्यंत काम देते. डागलेला गाभा कायमचा गेला. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर स्वारी केली आणि चीनकडून रेल्वेने येणाऱ्या खनिजाची वाट स्वतःच बंद करून घेतली. उरले पोर्तुगाल आणि स्पेन. तिथे ब्रिटन आणि अमेरिका चढ्या भावाने खनिज उचलत होते, गरजेपोटी कमी आणि जर्मनीच्या हाती लागू नये म्हणून जास्त. गंमत अशी की पोर्तुगालातली पनाश्केइरा ही मोठी खाण ब्रिटिश मालकीचीच होती. १९४३ मध्ये या तोफेचे उत्पादन थांबले. जून १९४४ मध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी या खनिजाची निर्यातही बंद केली.

हा शेवट रणांगणाच्या इतिहासात सापडत नाही. तो खाणींच्या, रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या दप्तरांत शोधावा लागतो. म्हणून या विषयाला केवळ लष्करी जाणकार पुरत नाहीत. धातुशास्त्र शिकलेला, आर्थिक इतिहास वाचणारा, अगदी वर्कशॉपमध्ये हात काळे केलेला माणूसही इथे हवा आहे. अभ्यासाला पुढचा धागाही तयार आहे. ब्रिटिशांनी चेक अभियंता यानेचेक याची कल्पना घेऊन आपल्या दोन-पौंडी तोफेच्या तोंडाला निमुळता जोड बसवला. पुढे १९४४ मध्ये सहा-पौंडी तोफेसाठी त्यांनी वेगळाच गोळा आणला. तोफेची नळी सरळच राहिली. गोळ्याचे बाहेरचे आवरण तोंडाबाहेर पडताच गळून जाई आणि टंगस्टनचा गाभा एकटाच पुढे जाई. आजच्या रणगाड्यांचे बाणासारखे गोळे त्याच वाटेने आले आहेत.